एक यान, तीन प्रकारचं पांढरं

जुलैतल्या एका शनिवारी रात्री पावणेअकराला, पाऊस जरा उघडलाय असं बघून, लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मी टेबलावरच्या खेळातल्या एका चिमुकल्या अंतराळयानावर मॅट, म्हणजे बिनचमकीच्या वार्निशचा शेवटचा हात मारला. अकराला आत येऊन ट्यूबलाइटखाली धरलं, तर यान पिठाच्या डब्यात पडून बाहेर काढल्यासारखं. तीन आठवड्यांचं काम. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीत एका टेबलावर त्याला लढाईला उभं राहायचं होतं.

ज्यांना ज्यांना फोटो पाठवला त्या सगळ्यांचं उत्तर एकच: "पावसाळ्यात स्प्रे मारतं का कुणी?" मलाही ते पटलं होतं. पाऊस हा मुंबईत फार सोयीचा आरोपी आहे. लोकल उशिरा आली, पापड सादळले, दार फुगलं, सगळं त्याच्या नावावर खपतं. या प्रकरणात तो निर्दोष नव्हता, पण एकटाही नव्हता. यानावर दिसत होतं ते पांढरं एक नव्हतंच. तीन निरनिराळी पांढरी एकमेकांवर बसली होती, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं होतं. हे कळायला मला दोन आठवडे, चार प्लॅस्टिकचे चमचे आणि गणपतीच्या कारखान्यातले एक काका लागले.

यान

भाचा इंजिनिअरिंगला आहे, डोंबिवलीला राहतो. त्याची सुरुवात झाली ती २०१२ साली आलेल्या एक्स-विंग या टेबलावर यानं लढवायच्या खेळाने. त्यातली यानं १:२७० मापाची आणि कारखान्यातून रंगूनच यायची. खोक्यातून काढायचं आणि खेळायला बसायचं. मोठ्या युद्धनौकांच्या खेळांची गोष्ट वेगळी. १९९९ च्या बॅटलफ्लीट गॉथिकमध्ये नौका बिनरंगी आणि सुट्या भागांत मिळायची. चिकटवा, रंगवा, मग लढा. तो खेळ कंपनीने कधीच बंद केला, पण रेझिन प्रिंटर, म्हणजे पातळ रेझिन थराथराने घट्ट करून वस्तू घडवणारं यंत्र, घरात आल्यापासून पोरं आपापली आरमारं छापायला लागली आहेत. भाच्याचं आरमार त्यातलंच. मोठ्या नौकांना त्याने गुराब म्हणायचं ठरवलं, लहानांना गलबत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातल्या याच दोन मुख्य जाती: गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी, गलबत हलकं, वल्ह्यांवरही पळणारं. म्हणून पहिल्या नौकेचं नाव नुसतंच 'गुराब', आणि ते दोन्ही कुशींवर देवनागरीत हवं, ही त्याची अट. रंगवायची कोणी, तर आत्याने. आत्या दिवसभर फोर्टमधल्या ऑफिसात हिशेब बघते आणि रात्री ब्रश धरते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

यान तेरा सेंटिमीटर लांब. खेळाच्या कागदावर त्याची लांबी ६५० मीटर, म्हणजे माप १:५०००. हे गणित रंगवणाऱ्याने आधी करून ठेवावं. ब्रशच्या टोकाने मी खिडकीचा ठिपका ठेवते तो साधारण ०.८ मिलिमीटरचा, या मापात ती चार मीटरची खिडकी झाली. ठिपके मोठे पडले की जहाज लहान वाटायला लागतं, युद्धनौकेची होडी होते. म्हणून खिडक्यांना ब्रश वापरलाच नाही. शिवणकामाची सुई काडीला बांधली, तिच्या टोकाने पिवळट पांढरा रंग नुसता टेकवला. ठिपका ०.३ मिलिमीटरवर आला, म्हणजे दीड मीटर. त्यातही ओळीतल्या सगळ्या खिडक्या पेटवल्या नाहीत. रात्री करी रोडच्या पुलावरून टॉवरकडे बघितलं तर कुठे सगळ्या घरांत दिवे असतात?

रेझिनच्या कामात सुरुवातीची कष्टाची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती सगळीकडे सारखीच असते. आयपीए या अल्कोहोलमध्ये धुतलं, छापताना आधार द्यायला लागलेल्या सपोर्टच्या काड्यांची टोकं कटरने काढली, ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पक्कं केलं. तिरक्या पृष्ठभागांवर थरांच्या रेषा होत्या, नकाशावरच्या डोंगरासारख्या. त्या ४०० नंबरच्या आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यातच घासल्या. कोरडं घासायचं नाही. रेझिनची धूळ छातीत जाऊ द्यायची वस्तू नव्हे. हातात मोजे, तोंडाला मास्क. दोन खड्ड्यांत पुट्टी भरली. मग राखाडी प्रायमर, आणि त्यावर फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका फवारा, म्हणजे उजेड कुठून येतो हे रंगाच्या आधीच ठरून जातं.

रंगात वेळ गेला तो पट्ट्यात. धड निळसर राखाडी आणि नाकापासून इंजिनापर्यंत एक भगवा पट्टा, असा बेत होता. पिवळ्या-केशरी रंगांची खोड अशी, की ते झाकत नाहीत. राखाडीवर भगवा टाकला की मळकट गेरू दिसतो. मग माणूस चिडून हातावर हात देत जातो आणि रंगाचा जाड पापुद्रा बसतो. उपाय जुना आहे: खाली गुलाबीसर, त्यावर गेरू, आणि मग भगव्याचे दोन पातळ हात. टेपच्या कडेला रंग आत झिरपू नये म्हणून टेप चिकटवल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच राखाडी रंग फिरवला. जे झिरपायचं ते राखाडीच झिरपलं, आणि टेप काढल्यावर कड पातीसारखी निघाली. या एका कडेसाठी मी अजूनही स्वतःवर खूश आहे.

राखाडी धड सपाट दिसू नये म्हणून पत्र्याचे काही चौकोन थोडे उजळ, काही थोडे निळसर केले, फरक डोळ्याला जेमतेम लागेल एवढाच. खाचांत पातळ काळपट वॉश धावू दिला. इंजिनाच्या चार नळकांड्यांत मध्यभागी जवळजवळ पांढरा, बाहेर येत फिका निळा, कडेला गडद. नवशिकी माणसं इथे उलटं करतात, कड उजळ आणि पोट काळं. मग इंजिन पेटलेलं न दिसता डबा दिसतो. इथवर सगळं ठीक होतं.

घाई कुठे झाली

आता कबुलीजबाब. नावाची डिकॅल, म्हणजे पारदर्शक पापुद्र्यावरची छापील अक्षरं, पाण्यात भिजवून सरकवायच्या कागदावर लेसर प्रिंटरने काढून घेतली होती. इंकजेटवर काढली असती तर वर क्लिअर स्प्रे मारल्याशिवाय पाण्यात शाई पळाली असती. लेसरच्या टोनरला तेवढी भीती नाही. साधा प्रिंटर पांढरं छापत नाही, म्हणून अक्षरं काळी आणि जागा भगव्या पट्ट्यावरची. अक्षराची उंची ४ मिलिमीटर, म्हणजे १:५००० ने वीस मीटर, आमच्या चार मजली चाळीहून उंच. पहिल्या छपाईत शिरोरेषा इतकी बारीक आली की 'रा' आणि 'ब' यांच्यामध्ये ती तुटली. देवनागरी डिकॅलला जाड टाइपच घ्यावा लागतो. इंग्रजी आकड्यांच्या तयार डिकॅलमध्ये हा त्रास कुणाला कळणारही नाही.

डिकॅल लावायच्या आधी पृष्ठभागावर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा, एक हात हवा, हे मला माहीत आहे. अॅक्रिलिक रंग वाळला की सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डिकॅलचा पारदर्शक पापुद्रा नुसता टेकतो, खालच्या खळग्यांत हवा अडकते, आणि ती हवा उजेडात चांदीसारखी चमकते. ग्लॉसवर तो काचेवर ओला कागद बसावा तसा बसतो. मला हे ठाऊक होतं आणि तरीही मी ग्लॉस टाळला. गुरुवारचा दिवस, बाहेर मुसळधार, आणि ब्रशने मारायचा ग्लॉस संपलेला. डिकॅल थेट रंगावर लावली. शुक्रवारी अक्षरांभोवती किंचित चकाकी दिसली होती. 'मॅट मारल्यावर जाईल,' म्हणून मी पुढे गेले.

शनिवारी रात्री मॅटचा डबा कपाटातून काढला. तो मार्चपासून तिथे उभा होता. दहा-पंधरा वेळा हलवला, आतली गोळी वाजली, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, बोलून झाल्यावर पुन्हा न हलवता गॅलरीत गेले. गॅलरीतला हवामान-काटा २८ अंश आणि ८८ टक्के दाखवत होता. तो मीच आणलेला, मीच बघितला आणि मीच दुर्लक्ष केलं. एक हात, पाच मिनिटं, दुसरा हात. दुसरा जरा जवळून, कारण खालच्या मजल्यावरची कबुतरं वर यायला लागली होती.

रविवारी यान गेलं नाही. भाच्याने त्याच्या जागी पेन ड्राइव्ह उभा केला आणि लढाई खेळली. "आत्या, पेन ड्राइव्हने दोन नौका बुडवल्या," असा मेसेज आला. ते मला सांत्वन म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, अजून कळलेलं नाही.

नखाला काय लागतं

सोमवारी ऑफिसातून येताना यान डब्यात घालून गणपतीच्या कारखान्यात गेले. आमच्या बाजूला जुलैत ताडपत्रीखाली मूर्ती उभ्या असतात, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या रंगलेल्या. हॅलोजनचे दिवे, कंप्रेसरची धडधड. तिथले एक काका फक्त आखणी करतात, म्हणजे डोळे रेखतात. बाकीचे अंगाचे रंग गनने मारतात, पण डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. पावसात रंग कसा वाळवायचा हे ज्यांना दर वर्षी ठरल्या तारखेच्या आत सोडवावं लागतं, त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार?

काकांनी यान हातात घेऊन फिरवलं. "ही काय ताई, पाणबुडी?"

"अंतराळयान आहे. वार्निश पांढरं पडलं पावसाने."

त्यांनी पोटाकडच्या खाचेत अंगठ्याचं नख फिरवलं आणि नख मला दाखवलं. नखाला पांढरी भुकटी होती. मग सपाट पाठीवर नख फिरवलं. तिथे काही निघालं नाही. "हे पावसाचं," पाठीवर बोट ठेवून ते म्हणाले, "नखाला येत नाही, आतच असतं. लाकडाच्या पॉलिशवाल्यांचं रोजचं दुखणं. ते थिनरमध्ये रिटार्डर टाकतात, उशिरा वाळतं, मग ओल आत अडकत नाही. आणि ही भुकटी डब्यातली. डबा हलवला नव्हतात."

मग त्यांनी जिभेला बोट लावून पाठीवर ओलं बोट फिरवलं. तेवढी जागा क्षणभर स्वच्छ झाली, खालचा राखाडी वर आला, आणि वाळताच पुन्हा धुकं. तेच बोट अक्षरांवर फिरवलं, तर तिथली चांदी तशीच. यान डावीकडे झुकवलं की ती चमकायची, उजवीकडे झुकवलं की विझायची. "इथे खाली हवा आहे," काका म्हणाले, आणि पुन्हा आपल्या गणपतीच्या बुबुळाकडे वळले. एका मिनिटात तीन निदानं. मी दोन रात्री गूगल करत बसले होते.

पुढचं कारण मी नंतर जुळवलं. सेंटचा फवारा मनगटावर थंड लागतो, कारण पातळ द्रव उडून जाताना उष्णता घेऊन जातो. स्प्रेतलं सॉल्व्हंट, म्हणजे वार्निश पातळ ठेवणारं द्रव, तेही असंच उडतं आणि यानाचा पृष्ठभाग गार करतं. हवा २८ अंश आणि ८८ टक्के ओली असेल तर तिच्यातलं पाणी साधारण २६ अंशांवर दव होऊन बसतं. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम दोन अंशांनी गार झाला की ओल्या वार्निशवर दव. ते दव वाळणाऱ्या थरात अडकतं, मागे बारीक पोकळ्या ठेवतं, आणि पोकळ्या उजेड विखुरतात. तेच जानेवारीत, २५ अंश आणि ५० टक्के असताना, दव पडायला पृष्ठभाग दहा अंशांहून जास्त गार व्हावा लागतो. म्हणून थंडीत तोच डबा, तेच हात, काही होत नाही. टक्केवारी बघण्यापेक्षा हा फरक किती अंशांचा आहे ते बघणं जास्त कामाचं.

भुकटीचं कारण त्याहून साधं. मॅट वार्निश म्हणजे पारदर्शक वार्निशमध्ये मिसळलेले अतिबारीक कण, बहुतेक वेळा सिलिका. ते डब्याच्या तळाशी बसतात, ताकाचा चोथा बसतो तसे. नीट न हलवता मारलं की आधी कधी नुसतं पाणचट येतं आणि मग एकदम दाट कणांचा लगदा. जाड हाताने तो खाचांत साठला.

चार चमचे

काकांचं म्हणणं बरोबर असणार हे मनात होतं, पण हिशेबाच्या माणसाला ताळेबंद लागतो. वाण्याकडून प्लॅस्टिकचे चमचे आणले, चौघांना तोच राखाडी प्रायमर, तोच वॉश. दोन चमचे पावसाळी रात्री गॅलरीत मारले, दोन चमचे आधी आत बल्ब पेटवलेल्या खोक्यात ऊब देऊन कोरड्या दुपारी. दोन्ही जोड्यांत एकाला डबा पूर्ण दोन मिनिटं हलवून, दुसऱ्याला नुसता दोनदा खुळखुळवून. खोक्यातला बल्ब स्प्रे मारायच्या आधी बंद करून खोकं आत ठेवलं होतं. पेटत्या बल्बजवळ स्प्रेचा डबा नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.

उबदार, नीट हलवलेला चमचा: जसा हवा तसा मॅट, खालचा रंग स्वच्छ. उबदार पण न हलवलेला: कडा बऱ्या, पण चमच्याच्या खळग्यात पांढरी भुकटी, नखाला येणारी. ओल्या रात्रीचा, नीट हलवलेला: सगळीकडे सारखं धुकं, नखाला काही नाही. ओल्या रात्रीचा, न हलवलेला: हुबेहूब माझं यान.

म्हणजे त्या शनिवारी पाऊस नसता तरी यानाच्या खाचा पांढऱ्या झाल्याच असत्या. आणि मी दोन मिनिटं डबा हलवला असता तरी पाठीवर धुकं बसलंच असतं. डिकॅलखालची चांदी तर त्या रात्रीची नव्हतीच, ती गुरुवारची.

या मधल्या काळात शेजारच्या वहिनींनी खोबरेल तेल सुचवलं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अशा पांढऱ्या पडलेल्या मिनिएचरवर तेल चोळायची युक्ती बाहेरही चालते, तिथे ऑलिव्ह तेल. कारण तेच, जे वडापावच्या कागदाचं. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वड्याचं तेल उतरलं की पलीकडची अक्षरं दिसायला लागतात, कारण कागदाच्या पोकळ्यांत हवेच्या जागी तेल भरतं आणि उजेड विखुरायचा थांबतो. ओल्या बोटाने पाठ क्षणभर स्वच्छ दिसली तेही यामुळेच. शेवटच्या चमच्यावर बोटभर खोबरेल लावून बघितलं. धुकं खरंच गेलं. पण चमचा तेलकट राहिला, आठवड्यात त्याला पंख्याची धूळ बसली, आणि तेलावर पुढे रंग किंवा वार्निश धरणार नाही हे उघडच आहे. देव्हाऱ्यातल्या समईला ठीक, हाताळायच्या यानाला नाही.

दुरुस्ती

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. दुपारी दोनला काटा ३० अंश आणि ७१ टक्के. दव पडायचा बिंदू पाच-सहा अंश खाली. ऑफिसातून अर्धी रजा घेतली होती. कारण विचारलं तर 'घरचं काम' म्हटलं, ते खोटंही नव्हतं.

आधी भुकटी. मऊ टूथब्रशने खाचा कोरड्याच झाडल्या, मास्क लावून. बरीच निघाली, सगळी नाही. मग यान बल्बच्या खोक्यात वीस मिनिटं, हाताला कोमट लागेपर्यंत. डबा कोमट पाण्यात थोडा वेळ उभा केला. गरम पाण्यात कधीही नाही, डबा फुटतो. ग्लॉस, त्याच कंपनीचा, दोन मिनिटं घड्याळ लावून हलवला, आणि फुटभर अंतरावरून एक पातळ, सरकता हात. इथे मी श्वास रोखून धरला होता. ग्लॉसमधलं सॉल्व्हंट वरच्या थराला किंचित मऊ करतं, अडकलेली ओल निघून जाते, आणि उरलेल्या पोकळ्या ग्लॉस भरतो. नुसतं थिनर फवारूनही हे साधतं आणि पॉलिशवाले तसं करतात, पण माझ्या यानावर अॅक्रिलिक रंग आणि डिकॅल. थिनरने धुक्याबरोबर भगवा पट्टाही नेला असता.

पाठीवरचं धुकं डोळ्यांदेखत गेलं. पाटीवरचा खडू ओल्या फडक्याने पुसावा तसं. पत्र्याचे चौकोन, त्यांचा तो जेमतेम फरक, खिडक्या, सगळं परत. शेजारच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या. "अगंबाई, आलं की," एवढंच म्हणाल्या.

खाचांतली उरलेली भुकटी ग्लॉसखाली राखट दिसत राहिली. तिथे युक्तिवाद सोडला आणि पुन्हा वॉश लावला, या वेळी थोडा दाट. इंजिनाच्या दोन नळकांड्यांतला निळा मात्र नव्याने करावा लागला. तो पहिल्यापेक्षा बरा झाला, पण ते नशीब.

डिकॅलशी झुंज सगळ्यात लांबली. वार्निशखाली गेलेल्या डिकॅलपर्यंत मऊ करणारं द्रव पोचत नाही. डाव्या कुशीवर नव्या ब्लेडच्या टोकाने पापुद्र्याला दहा-बारा टोचे मारले, फक्त अक्षरांच्या मधल्या जागेत, काळ्यावर नाही. त्यांतून मायक्रो सोल, म्हणजे तेच मऊ करणारं द्रव, उतरवलं. पापुद्रा सुरकुतला, मी हात मागे घेतला; त्या क्षणी दाबायचा मोह होतो आणि दाबलं की अक्षर फाटतं. अर्ध्या तासाने तो आपोआप ताणून बसला. असं तीनदा. डावीकडची चांदी गेली.

उजवीकडे तेवढा धीर उरला नव्हता. 'गु' आणि 'रा' बसले. 'ब' च्या पोटात टोचा जरा जोरात गेला, खालचा भगवा निघाला आणि कडेला हवा तशीच राहिली. टोचा भगव्याने भरला, शिरोरेषेचा तुकडा शून्य नंबरच्या ब्रशने काढला. चांदी राहिली ती राहिली. उकरून काढायची तर आख्खी कूस पुन्हा रंगवावी लागली असती.

शेवटचा मॅट स्प्रेने मारला नाही. पाण्यावर चालणारा मॅट, बाटलीत काडीने चांगला ढवळून, रुंद मऊ ब्रशने पातळ फिरवला. तो वाळायला पावसाळ्यात फार वेळ घेतो, पण त्याला सॉल्व्हंट स्प्रेसारखं गार होऊन दव धरायचं कारण नाही. इंजिनं आणि खिडक्या तशाच ग्लॉस ठेवल्या. पेटलेल्या गोष्टी मॅट झाल्या की विझल्यासारख्या दिसतात.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी यान डोंबिवलीला गेलं, जेवणाच्या डब्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून. चौथ्या फेरीत बुडालं. भाचा ते आता कपाटात उजवी कूस भिंतीकडे करून ठेवतो. पाच गलबतं छापून तयार आहेत, ती माझ्याकडे आली आहेत. प्रायमरपर्यंतचं काम झालंय, पुढचं दिवाळीनंतर.